पाठीला बाक येण्याआधी : ठिसूळ हाडांचा हिशेब आणि घरचा बंदोबस्त

साठीतल्या बाईंचे गुडघे दुखायला लागले की घरात हमखास कुणीतरी म्हणतं, "हाडं झिजलीत, कॅल्शियम सुरू करा." इथे दोन वेगळ्या आजारांची गल्लत झालेली असते. गुडघ्यात झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात आणि तो दुखतो. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड आतून विरळ होत जातं. जाळी तीच राहते, पण तिच्या काड्या बारीक होतात, काही तुटून जातात. हे दुखत नाही. हाड मोडेपर्यंत बहुतेकांना पत्ताच लागत नाही. म्हणून गुडघेदुखीवरून हाडांची घनता ओळखता येत नाही, आणि काही दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणंही बरं नाही.

दुसरी फसगत रक्ताच्या रिपोर्टमुळे होते. रक्तात कॅल्शियम ९.४ आलं की "हाडं ठीक आहेत" असं घरचे समजतात. हृदय आणि स्नायू चालण्यासाठी रक्तातलं कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर राहावंच लागतं. जेवणातून ते कमी पडलं की गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. त्यामुळे वर्षानुवर्षं हाडांची पुंजी खर्ची पडत असतानाही रिपोर्ट नॉर्मल येत राहतो.

पुंजी कधी जमते, कधी सरते

हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, काही पेशी त्या जागी नवं भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. पंचविशी-तिशीपर्यंत भरणा जास्त असतो, पुढे काही वर्षं जमाखर्च बरोबरीत चालतो, मग खर्च वाढतो. बायकांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक खरवडणाऱ्या पेशींना आवर घालतं. पाळी गेली की तो आवर सुटतो, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा निघून जाऊ शकतो. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चारेक वर्षं आधी. आपल्याकडे ही घट म्हणून लवकर सुरू होते.

ऑपरेशन करून अंडाशय काढले तर ही घट त्याच दिवसापासून लागू होते, मग वय पस्तीस का असेना. नुसतं गर्भाशय काढून अंडाशय ठेवले, तरी ते बऱ्याचदा वेळेआधी काम थांबवतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. त्या चर्चेत पुढच्या हाडांचं काय, हा मुद्दा फारच थोडा आला. तिशीत पिशवी काढलेली बाई पन्नाशीत मोळ्या उचलत असेल तर तिच्या मणक्यांची काळजी एखाद्या सत्तरीतल्या आजीइतकीच करायला हवी. पंचेचाळिशीच्या आत पाळी बंद झाली असेल, आपोआप किंवा ऑपरेशनने, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा आणि अंडाशय ठेवलेत की काढलेत हे डिस्चार्ज कार्डावर पाहून ठेवा. काहींना संप्रेरकांच्या गोळ्यांचा उपयोग होतो. तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बसून घ्यायचा.

इतर धोके घाईत नजरेआड होतात. आई किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलेलं असणं. फार किरकोळ बांधा. तंबाखू, दारू. संधिवाताचा ऱ्हुमेटॉइड प्रकार, मधुमेह. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त होणं, फिटची काही औषधं, प्रोस्टेटच्या कॅन्सरवरची हार्मोनची इंजेक्शनं. या सगळ्यांत स्टिरॉइडवर बारीक नजर ठेवा. प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम तीन महिन्यांहून जास्त चालू असेल तर हाडांची तपासणी त्याबरोबरच व्हायला हवी. सांधेदुखीवर दोन दिवसांत जादूसारखा आराम देणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांत आणि गोळ्यांत पुष्कळदा स्टिरॉइडच असतं, म्हणून त्या घेतल्या असतील तर न लाजता सांगा. आणि हा फक्त बायकांचा आजार नाही. सत्तरीनंतर पुरुषांचीही हाडं मोडतात, आणि खुबा मोडल्यावर पुरुष बायकांपेक्षा जास्त दगावतात.

घरच्या घरी काय पाहाल

उंची मोजा. सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर जाड पुस्तक आडवं ठेवून भिंतीवर पेन्सिलीची खूण करा आणि तारीख लिहा. दर वर्षी त्याच ठिकाणी मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा मागच्या खुणेपेक्षा २ सेंटिमीटर घट दिसली तर पाठीच्या कण्याचा एक्स-रे काढून घ्यावा. मणका दबला की उंची जाते, आणि मणक्यांची अर्ध्याहून जास्त फ्रॅक्चर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. जुनी उंची माहीत नसेल तर कपड्यांकडे बघा. दहा वर्षं नेसलेला तोच परकर आता जमिनीला टेकायला लागला, गाऊनची किनार पायात यायला लागली, ब्लाउज पाठीवर वर चढून पुढे सैल पडायला लागला, तर बदल कपड्यात झालेला नाही.

मग भिंतीला टाचा, नितंब आणि पाठ टेकवून सरळ समोर बघा. हनुवटी वर न करता डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागला पाहिजे. लागत नसेल तर पाठीला बाक आला आहे. आणखी एक खूण : ताठ उभं राहून सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये बाजूने बोटं आडवी घाला. दोन बोटंही मावत नसतील तर मणके दबल्याचा संशय घ्यावा.

शेफील्ड विद्यापीठाने तयार केलेलं फ्रॅक्स नावाचं गणकयंत्र इंटरनेटवर फुकट आहे. ४० ते ९० वयाच्या कुणालाही वय, वजन, उंची आणि वरचेच धोके भरून पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढता येते. देशांच्या यादीत भारत निवडायचा. निकालाचा कागद डॉक्टरांकडे घेऊन जा.

डेक्सा तपासणी

हाडांची घनता मोजायची खात्रीची तपासणी म्हणजे डेक्सा. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, इंजेक्शन नाही, किरणं छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. कंबर आणि खुबा अशा दोन्ही ठिकाणी मोजून घ्या. ६५ नंतर प्रत्येक बाईने आणि ७० नंतर पुरुषाने एकदा करून घ्यावी. वरच्यापैकी एखादा धोका असेल किंवा पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडलं असेल तर वयाची वाट पाहू नये. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवशी बंद ठेवा, ती पोटात न विरघळता राहिली तर चित्रात येते. बेरियमची तपासणी किंवा कॉन्ट्रास्ट घालून सीटी स्कॅन नुकतंच झालं असेल तर आठ-दहा दिवस थांबा.

रिपोर्टमध्ये टी-स्कोर बघायचा, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी केलेली तुलना. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेली मापं आजही चालतात : उणे १ किंवा वर असेल तर ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये ऑस्टिओपेनिया म्हणजे घट सुरू, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. पाळी चालू असलेल्या बायकांसाठी आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषांसाठी टी ऐवजी झेड-स्कोर, म्हणजे आपल्याच वयाच्या माणसांशी तुलना, धरतात. एक खाच मात्र लक्षात ठेवा. म्हातारपणी कमरेच्या मणक्यांना कंगोरे आलेले असतात, दबलेला मणका दाट दिसतो, त्यामुळे कमरेचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला येतो. कंबर उणे ०.८ आणि खुबा उणे २.७ असा रिपोर्ट आला तर खुब्यावर विश्वास ठेवा. पुन्हा तपासणी करायची तर साधारण दोन वर्षांनी आणि शक्यतो त्याच यंत्रावर, कारण दोन यंत्रांच्या आकड्यांची तुलना होत नाही.

सोसायटीच्या किंवा मंदिरातल्या मोफत शिबिरात टाचेवर यंत्र लावून आकडा देतात ती अल्ट्रासाउंडची चाळणी. त्यावरून निदानही करू नये आणि औषधही सुरू करू नये. आकडा वाईट आला तर डेक्सा करा. चांगला आला, तरी धोके असतील तर डेक्सा करा.

ताटातलं कॅल्शियम, चमच्याच्या मापाने

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेलेल्या बाईला १२००. हे मराठी स्वयंपाकात बसतं, पण आपोआप बसत नाही. पोळी-भाजी-वरण-भात आणि दोन कप चहा एवढ्यावर निम्मंही भरत नाही.

एक दिवस मांडून बघा. २०० मिली दूध, २४०. दीडशे ग्रॅमची एक वाटी दही, १८०. नाचणीच्या दोन भाकऱ्या, प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या, ३६०. दहा ग्रॅम म्हणजे मोठा चमचाभर तिळाची चटणी, १२०. मेथी किंवा मुळ्याचा पाला, निवडून ७५ ग्रॅम, साधारण २००. रात्री कुळथाचं पिठलं, माणशी ३० ग्रॅम पीठ, ८०. बेरीज ११८०. यातली नाचणीची एक भाकरी काढून गव्हाची पोळी घातली की दीडशेच्या वर एकदम कमी होतात. दूध सोसत नसेल तर दही बऱ्याच जणांना चालतं, पनीरही चालतं. मासे खाणाऱ्या घरांत मांदेली आणि बारीक तारली काट्यासकट कुरकुरीत करून खा. कॅल्शियम काट्यात असतं, मांसात फारच थोडं. सुकट-जवळाही उत्तम, फक्त दोन पाण्यांत धुऊन मीठ काढून टाका. मीठ जास्त झालं की कॅल्शियम लघवीवाटे जातं, आणि पापड-लोणच्याच्या घरात दिवसाला पाच ग्रॅम मिठाची मर्यादा सहज ओलांडली जाते.

आता चुका कुठे होतात ते. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की तिच्यातलं फायटेट कमी होतं आणि कॅल्शियम जास्त अंगी लागतं. पण तान्ह्या बाळासाठी करतात तसं वस्त्रगाळ सत्त्व आजींना दिलं तर नाचणीची साल फडक्यातच राहते, आणि नाचणीतलं पुष्कळसं कॅल्शियम त्या सालीतच असतं. त्यांना भाकरी, आंबील किंवा न गाळलेल्या पिठाची पेज द्या. तिळाचंही तसंच. पॉलिश केलेले पांढरेशुभ्र तीळ दिसायला छान, पण टरफलाबरोबर बहुतेक कॅल्शियम गेलेलं असतं. टरफलासकट मळकट रंगाचे किंवा काळे तीळ आणा, भाजून कुटा, अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात. तिळातलं सगळं कॅल्शियम पचत नाही, म्हणून तीळ जोडीला ठेवा, त्यांच्यावर सगळा भार टाकू नका. पालक, अळू, माठ, राजगिरा या पाल्यांत ऑक्झलेट भरपूर असल्याने त्यांतलं कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही. त्या भाज्या लोह आणि इतर गोष्टींसाठी खा, पण कॅल्शियमच्या हिशेबात मेथी, मुळ्याचा आणि शेवग्याचा पाला धरा. ताकाबद्दल तर सांगायलाच हवं : दोन चमचे दह्यात पेलाभर पाणी घातलेलं पातळ ताक तहान भागवतं, पण त्यात पन्नाससुद्धा मिलिग्रॅम निघत नाहीत. "मी रोज ताक पिते" हे दुधाच्या जागी मोजू नका.

हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो आणि कॅल्शियम त्यावर बसतं. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांचं रात्रीचं जेवण बरेचदा चहा-पोळी किंवा दूध-भातावर येतं. किलोमागे एक ग्रॅम हा साधा हिशेब धरला तर ५० किलोच्या आजींना दिवसाला ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ६-७, ३० ग्रॅम डाळीच्या वरणात ७. म्हणजे दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, आणि दूध-दही-अंडं यांपैकी दोन गोष्टी, तेव्हा कुठे जमतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवा.

गोळीची गरज ताटातली तूट भरून काढण्यापुरती. डब्यावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. ती जेवणाबरोबर घ्यायची, तिला पचायला आम्ल लागतं. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं, ते कधीही घेता येतं, पण त्याच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळीत जेमतेम २१० कॅल्शियम असतं. एका वेळी ५०० च्या वर शरीर नीट घेत नाही. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास आणि लोहाच्या गोळीपासून दोन-तीन तास लांब ठेवा. पूर्वी मुतखडा झाला असेल तर आधी विचारा.

ऊन आणि ड जीवनसत्त्व

सकाळचं कोवळं ऊन प्रसन्न वाटतं, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्या वेळी वातावरणातच अडतात. सोपी खूण सावलीची. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ते ऊन कामाचं. मे महिन्यात मुंबई-पुण्याला सकाळी साडेनऊच्या सुमारास सावली तेवढी आखूड होते, म्हणजे कडाका वाढण्याआधी काम उरकता येतं. डिसेंबरात मात्र दुपारी साडेबाराच्या आसपासच ती उंचीपेक्षा किंचित आखूड होते, तेव्हा गच्चीवर जेवणाआधी जावं. सावळ्या त्वचेला वीस-तीस मिनिटं, हात कोपराच्या वरपर्यंत आणि पाय उघडे ठेवून, आठवड्यातून तीन-चार दिवस. बंद काचेच्या खिडकीत बसून कितीही ऊन घेतलं तरी ड जीवनसत्त्व बनत नाही, काच ते किरण अडवते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना ऑक्टोबर ते मार्च हे ऊन मिळतच नाही, तिथे या काळात रोज ४०० युनिटची गोळी घ्यायचा सरकारी सल्ला आहे.

रक्तात २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमच्या वर असावं, ठिसूळ हाडांचा उपचार चालू असताना बहुतेक डॉक्टर ३० चा आग्रह धरतात. कमी असेल तर ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, मग महिन्याला एक, असा सरसकट क्रम असतो. इथे होणारी चूक जिवावर बेतू शकते : आठवड्याची कॅप्सूल रोज घेतली जाते, किंवा आठ आठवडे संपले तरी मेडिकलमधून वर्षभर आणली जाते. रक्तात कॅल्शियम चढतं आणि उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान-लघवी, गोंधळलेपणा, शेवटी मूत्रपिंडाला इजा असा प्रकार होतो. एक वार ठरवा, समजा गुरुवार, आणि पाकिटावर पेनाने आठही गुरुवारांच्या तारखा लिहा. घेतली की खोडा. दुधाबरोबर किंवा जेवणानंतर घ्या. एकदाच टोचायचं ६ लाख युनिटचं इंजेक्शन सोयीचं वाटतं, पण ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले तेव्हा त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं आहे. थोडं थोडं घेणंच बरं.

हाडावर भार हवा

हाड भाराला उत्तर देतं. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, हाडाला त्यांचा उपयोग थोडा, कारण शरीराचं वजन पाणी किंवा सीट उचलून धरते. चालणं हवंच, पण नुसत्या चालण्याने हाड फारसं वाढत नाही. जिने चढा, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर बांधा, न टेकता उठा आणि सावकाश बसा. दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. जमत नसेल तर सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून भिंतीवर दंड, दहा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहायचं आणि टाचा खाली दणकन् टेकवायच्या, दहा ते वीस वेळा. मणका आधीच दबला असेल तर हा सोडून द्या. दोन्ही हातांत लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन कोपरं मागे ओढायची, पाठीची पाती एकमेकांजवळ आणून पाच सेकंद धरायचं. आठ-दहा वेळांत थकवा येईल इतकं वजन हवं. थकवा येणं बंद झालं की बाटली मोठी घ्या, नाहीतर हाडाला नवं काही सांगितलंच जात नाही. तोल सांभाळायला ओट्याजवळ उभं राहून एका पायावर दहा सेकंदांपासून तीस सेकंदांपर्यंत, रोज.

टी-स्कोर उणे २.५ च्या खाली गेला असेल तर पुढे वाकून पाठ गोल करणारं सगळं बंद : पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन, पोटाचे सिट-अप्स. पुढे वाकताना मणक्याची पुढची कड चेपली जाते, आणि विरळ मणका तिथेच पाचरीसारखा दबतो. योगवर्गात हे शिक्षकांना आधी सांगा. घरकामातही तेच. पाण्याची बादली उचलताना ती अंगाजवळ घ्या, गुडघ्यात वाका, कंबर नाही. भरलेल्या एका बादलीपेक्षा दोन अर्ध्या बऱ्या. केर काढायला लांब दांड्याचा झाडू आणा. गॅसचा सिलिंडर सरकवू नका.

पडायचं नाही

हाड मोडायला बहुतेक वेळा पडणं लागतं, आणि घरातलं पडणं टाळता येतं. न्हाणीघरातून सुरुवात करा. भिंतीवरचा टॉवेलचा दांडा धरून उठायची सवय असते आणि एक दिवस तो स्क्रूसकट हातात येतो. त्याच्या जागी माणसाचं वजन पेलणारी पकड बसवून घ्या, एक कमोडशेजारी आणि एक नळाजवळ. आंघोळ प्लॅस्टिकच्या रुंद पायांच्या स्टुलावर बसून. पायपुसणं मागून रबर लावलेलं नसेल तर काढून टाका. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा. उंबऱ्याला पांढऱ्या रंगाची पट्टी मारा. झिजलेल्या तळव्याच्या रबरी चपला पावसाळ्याआधी बदला, अंगणातलं शेवाळ जून लागताच घासून घ्या.

रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभं राहा. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांमुळे उठताच चक्कर येते. अशी येत असेल तर गोळ्यांची वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्या. मोतीबिंदू लांबवू नका.

आणि प्रवास. एसटीच्या शेवटच्या बाकावर किंवा रिक्षात बसलेलं असताना खड्डा नाहीतर गतिरोधक आला की शरीर उडून दाणकन् खाली येतं, आणि ठिसूळ मणका तेवढ्याने दबतो. हाडांच्या डॉक्टरांकडे असे रुग्ण नेहमी येतात. दोन चाकांच्या मध्ये, पुढच्या भागातली जागा मागून घ्या, समोरचा दांडा धरा, रिक्षावाल्याला हळू न्यायला आधीच सांगा.

पाठीत अचानक कळ आली तर

वाकून काही उचलताना किंवा असा हिसका बसल्यावर पाठीत कळ आली की "उसण भरली" म्हणून पायाळू माणसाकडून पाठीवर पाय लावून घ्यायची चाल अजून आहे. साठीच्या पुढे हे मुळीच करू नका, चोळून-दाबूनही घेऊ नका. तो दबलेला मणका असू शकतो. एक्स-रे होईपर्यंत टणक गादीवर आराम, पॅरासिटामॉल, आणि पायात बधिरपणा, ताकद जाणं किंवा लघवी अडणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय.

औषध सुरू झालं की

आधी क्रिएटिनिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि हिमोग्राम होतो, कारण हाडं विरळ करणारे दुसरे आजार बाजूला काढायचे असतात. हलणारे दात, काढायचे दात आधीच उरकून घ्या. या औषधांनी जबड्याचं हाड न भरण्याचा त्रास फार क्वचित होतो, पण झाला तर दात काढल्यावरच होतो असं बहुधा दिसतं.

आठवड्याची ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी घेण्यातच पुष्कळ लोक चुकतात. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही की काही खायचं-प्यायचं नाही. चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, घेऊन आडवं झालं तर अन्ननलिकेला व्रण पडतो. हे जमत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप-कणकण येते, घाबरू नका, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते देत नाहीत. गोळ्यांची पाच किंवा शिरेतल्या इंजेक्शनांची तीन वर्षं झाली की पुढे चालू ठेवायचं का हे डॉक्टरांबरोबर ठरवा. मधल्या काळात मांडीत किंवा जांघेत सतत दुखू लागलं तर लगेच सांगा.

डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी पोटात किंवा दंडात कातडीखाली टोचतात. ते आपल्या मनाने थांबवलं किंवा महिनाभराच्या वर लांबलं तर रोखून धरलेली झीज एकदम उसळते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके दबू शकतात. पुढच्या डोसची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि मुलाच्या फोनवर, दोन्हीकडे लिहा. टेरिपॅराटाइडचं रोजचं २० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन नवं हाड घालतं. पेन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या खणात नाही. ते जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि थांबताच दुसरं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड परत जातं.

खुबा मोडला असेल तर ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हावं यासाठी आग्रह धरा. खुबा मोडलेल्या वयस्कर माणसांपैकी पाचात एकजण तरी वर्षभरात दगावतो, आणि अंथरुणावर पडून राहणं हे त्याचं मोठं कारण. दवाखान्यातून निघताना ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या : हाडांचं औषध कोणतं आणि कोणत्या तारखेपासून, डेक्सा कधी, आणि पहिल्या दिवसापासून आधाराने उभं करायला फिजिओथेरपिस्ट घरी कोण येणार.